अर्धा टंबलर जीरकारिष्ट

दक्षिण चेन्नईतील एका न्यायालयाच्या कुंपणाबाहेर, करंजाच्या झाडाखाली, माझे टेबल गेली सव्वीस वर्षे उभे आहे. टेबलावर टाइपरायटर, टाइपरायटरवर मेणकापड आणि मेणकापडावर करंजाची फुले, असा क्रम असतो. मी अर्जनवीस आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीसंबंधी शिक्षणखात्याचे आणि माझे मत जुळले नाही. तथापि तमिळ, इंग्रजी आणि आमच्या तंजावरी घराण्याची मराठी, या तिन्ही भाषांत मी विनंती करू शकतो. विनंती करणे हे बोलण्याहून निराळे शास्त्र आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. अर्ज लिहिणाऱ्याचे नाव अर्जात कोठेही येत नाही. विधवा, भाडेकरू, निलंबित कंडक्टर, शेजाऱ्याच्या कोंबड्याने पीडित झालेले निवृत्त शिक्षक, या सर्वांच्या तोंडून मी आजवर बोललो. मी स्वतः मात्र कागदावर कधी उमटलो नाही. हा नियम मी सोवळ्यासारखा पाळला. तो मोडला कसा, ते येथे नमूद करीत आहे.

वेस्ट मांबलममधील आमच्या इमारतीत, आमच्या बरोबर वरच्या घरात, कोल्हापूरकडचा एक तरुण भाड्याने राहतो. ओरगडमच्या एका मोटार कारखान्यात तो चाचणीचालक आहे. नव्या मोटारी कारखान्याच्या धावपट्टीवर पळवायच्या आणि त्यांच्यात काय खोट आहे ते सांगायचे, असे त्याचे काम. केवळ खोट काढण्याचा पगार मिळतो हे ऐकल्यावर माझ्या पत्नीने माझ्याकडे पाहिले व ती म्हणाली, "आमच्या घरीं हे काम फुकट होतें." तो मला काका आणि तिला काकू म्हणतो. चेन्नईत मराठी बोलणारे घर पायाखालीच सापडले म्हणून त्याला आनंद झाला, आणि बोलीपेक्षा काकूंच्या हातच्या जेवणाने तो अधिक टिकला.

आमची मुलगी अड्यारला दिली आहे. तिला दिवस गेले होते, आणि तिला डोहाळे आईच्या हातच्या, दह्यातल्या डांगर पचडीचे व चिंचेच्या भाताचे लागले होते. त्या रविवारी पत्नीने चार पुडांचा डबा भरला. माझ्या स्कूटरवरून तो अड्यारला पोचवण्याचे काम त्या तरुणाने आपण होऊन अंगावर घेतले. परंतु निघण्यापूर्वी तो जेवायला बसला, आणि कसा जेवला ते सांगण्यासाठी मला वेगळे परिशिष्ट जोडावे लागेल.

"काकू, बास!" शेवटी तो भिंतीला टेकून म्हणाला. "आता मी स्कूटर चालवत नाही, स्कूटरच मला घरंगळत न्यायची."

घरगुती औषधोपचारात मला गती आहे. नाट्टु मरुंदुच्या, म्हणजे देशी औषधांच्या, दुकानातून आणलेली जीरकारिष्टाची बाटली मी कपाटातून काढली. जिऱ्यापासून बनवलेले, पचनास उत्तम असे हे आसव. चिठ्ठीवर दोन टोपणे, तितक्याच पाण्यासह, असे प्रमाण दिले होते. ते प्रमाण सामान्य पोटासाठी असावे, असे अनुमान करून मी अर्धा टंबलर बिनपाण्याचे ओतले.

"निम्मे आता पी," मी सांगितले. "उरलेले तोंडात धर. जिभेतून गुण लागतो. मुख्य रस्ता येईपर्यंत गिळायचे नाही."

"काका, नक्की का?"

"सव्वीस वर्षे मी लोकांना सल्ला देत आहे."

गाल फुगवून, त्यावर हेल्मेट कसेबसे बसवून, डबा स्कूटरच्या पेटीत ठेवून तो निघाला. बोलता येत नसल्यामुळे त्याने काकूंना केवळ नमस्कार केला. पत्नीने ताबडतोब मुलीला फोन लावला, "डबा निघाला ग."

तिसऱ्या वळणावर पोलीस उभे होते. आदल्या दिवशी तेथेच एका मद्यपीने भाजीची हातगाडी उडवली होती. त्यामुळे भर दुपारी, रविवारी, तपासणी चालू होती. सब-इन्स्पेक्टरने हात केला. तरुण थांबला. सब-इन्स्पेक्टरने विचारले, कोठे चाललात? तरुणाने उत्तर दिले नाही, कारण तोंड भरलेले होते. पुन्हा विचारले. तेव्हा त्या बिचाऱ्याने कायद्याच्या डोळ्यांत डोळे घालून, गटकन, सगळे गिळले आणि मग तो म्हणाला, "अड्यार."

श्वास तपासण्याच्या यंत्रात फुंकताच ते असे किंचाळले की बाजूच्या नारळपाणीवाल्याने कोयता खाली ठेवला.

"मेडिसिन, सर! मेडिसिन!"

"सगळ्यांचे औषधच असते, तम्बी." तम्बी म्हणजे धाकटा भाऊ.

"थोडं थांबून परत फुंकतो की, सर."

"हे काय तीर्थ आहे का, परत परत घ्यायला?"

यंत्रातून वेळ छापलेली चिठ्ठी निघाली. मद्यपान करून वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल झाला. लायसन्स जप्त, स्कूटर ठाण्यात, आणि स्कूटरच्या पेटीत डबा.

येथे प्रकरणाचे गांभीर्य स्पष्ट करणे अवश्य आहे. न्यायालयात अशा खटल्यांची रोज रांग लागते, आणि रांगेतला प्रत्येक जण गुन्हा कबूल करून दंड भरून जेवणाच्या सुट्टीपूर्वी घरी जातो. माझ्या ओळखीच्या वकिलानेही तोच सल्ला दिला. पण कबुली दिली की लायसन्स निलंबित होते. आणि ज्याचे लायसन्स निलंबित, त्याला कारखान्याच्या धावपट्टीवर पाऊल ठेवता येत नाही. तरुणाच्या नोकरीची उमेदवारी पुढच्याच महिन्यात संपत होती. पक्की होणार की जाणार, ते या एका कागदावर ठरणार होते.

"दंड भरतो मी, काका," तो आमच्या पायरीवर बसून म्हणाला. "पण लायसन्स गेलं तर गावी जाऊन काय ट्रॅक्टर चालवू? त्यालाबी लायसन्स लागतंय."

"वकील नको," मी म्हणालो. "मी आहे."

"तेंच भय," आतून पत्नीचा आवाज आला.

प्रथम मी स्कूटर परत मिळण्याचा अर्ज केला. एरवी अशा वाहनाची सुटका होण्यास आठवडेच्या आठवडे लागतात. माझ्या अर्जावर तिसऱ्याच दिवशी ठाण्यातून फोन आला, आणि तोही विनवणीच्या सुरात. "सार, आजच येऊन घेऊन जा. आत्ताच आलात तरी चालेल." ही माझ्या तिसऱ्या परिच्छेदाची किमया, असे मी वाटेत तरुणाला समजावून सांगितले. किल्ली देणाऱ्या हवालदाराने नाकावर रुमाल धरला होता. त्यास सर्दी झाली असावी, असे मला वाटले. चेन्नईच्या उन्हात, बंद पेटीत, तीन दिवस राहिलेल्या डांगर पचडीचा विचार माझ्या मनात आला नव्हता. तो पेटी उघडल्यावर आला.

या यशाने माझा हुरूप वाढला, आणि मुख्य अर्ज मी नऊ पानांचा केला. तयार होताच तो तरुणाला वाचून दाखवला, इंग्रजीतून वाक्य आणि मराठीतून अर्थ, असा.

"अर्जदाराची वृद्ध माता अंथरुणास खिळलेली असून..."

"थांबा, काका. आई ठणठणीत आहे. परवाच शाळेच्या कबड्डीत पंच होती."

"अर्जात आई नेहमी आजारी असते," मी शांतपणे म्हणालो. "ती पद्धत आहे. निरोगी आई दिसली तर मॅजिस्ट्रेटबाई गोंधळतील."

"आणि तिला कळलं तर?"

"अर्ज इंग्रजीत आहे."

पुढे दुसऱ्या पानावर मुद्द्याचे वाक्य होते. 'परिसरात सन्मान्य अशा एका ज्येष्ठ व अनुभवी हितचिंतकाने अर्जदारास पाचक औषध दिले.' येथे पत्नी शेंगा निवडता निवडता थांबली.

"हा हितचिंतक कोण ओ?"

"हितचिंतक."

"त्याला नांव नाही?"

"लिहिणाऱ्याचे नाव अर्जात येत नसते. तुला धंद्याचा नियम ठाऊक आहे."

"लिहिणारा म्हणून घालूं नका," ती म्हणाली. "पाजणारा म्हणून घाला."

तरुण खाली पाहून खोकला. मी पान उलटले. परंतु ती थांबण्यातली नव्हे. "आणि अस्की लिहिलांत, वेळ कोठें आहे?" अस्की म्हणजे आमच्या बोलीत सगळे. "मी पोरीला फोन केला तेव्हां हा दारांतून निघत होता. त्यांच्या चिठ्ठीवर काय वेळ आहे, पाहिलांत?"

मी म्हणालो की वेळ ही किरकोळ बाब असून युक्तिवादाची उंची तिच्यामुळे कमी होते. तिने अड्यारला फोन करून मुलीच्या मोबाइलमधील वेळ विचारली आणि चिठ्ठीच्या झेरॉक्सच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवली. मुलीचा फोन एक चाळीसला, चिठ्ठी एक सेहेचाळीसची.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघेही गेलो. तरुण इस्त्रीच्या सदऱ्यात, मी माझ्या काळ्या फाइलसह. पत्नीने भाजीची पिशवी आणली होती. का आणली, ते मी विचारले नाही.

आमच्या आधीच्या अकरा जणांनी एका दमात गुन्हे कबूल केले. मग आमचा पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटबाईंनी माझा अर्ज हातात घेतला, त्याचे वजन पाहिले आणि वाचू लागल्या. मी मागच्या बाकावरून त्यांच्या चेहऱ्यावरील प्रत्येक परिच्छेद ओळखत होतो. नवव्या पानावर त्या थांबल्या, पुन्हा दुसऱ्या पानावर गेल्या, पुन्हा नवव्यावर आल्या.

"दुसऱ्या पानावर तुम्ही म्हणता, दारू प्यायलोच नाही," त्या तमिळ व इंग्रजीच्या मिश्रणात तरुणाला म्हणाल्या. "नवव्या पानावर म्हणता, झालेल्या प्रमादाबद्दल क्षमा असावी, पुन्हा असे घडणार नाही. मी कोणत्या पानावर विश्वास ठेवू?"

न्यायालयात हशा पिकला. ते शेवटचे वाक्य मी लिहिले नव्हते. ते माझ्या बोटांनी लिहिले होते. सव्वीस वर्षांत माझ्या हातून क्षमा मागितल्याखेरीज एकही अर्ज संपलेला नाही. पाण्याच्या नळासाठी केलेल्या अर्जातही मी शेवटी क्षमा मागतो.

"आणि हा हितचिंतक कोण?"

तरुणाने माझ्याकडे पाहिले नाही. धंद्याचा नियम मी त्याला इतक्या वेळा सांगितला होता की तो त्याने माझ्यापेक्षा कडक पाळला. "घरचेच आहेत, मॅडम. मोठे आहेत."

"नाव?"

त्याने इस्त्रीच्या सदऱ्याचे बटण चाचपले.

"नाव नसलेला माणूस साक्ष देऊ शकत नाही. मग गुन्हा कबूल आहे का? बाहेर अजून वीस जण आहेत."

त्याने ओठ ओले केले. तो हो म्हणणार, हे मला दिसले. असे चेहरे माझ्या टेबलापुढे रोज बसतात; थकलेला माणूस कसा हो म्हणतो, ते मला दुरून कळते. पत्नीचे कोपर माझ्या बरगडीत शिरले, की मी आपण होऊन उठलो, हा प्रश्न आमच्या घरी अद्याप निकाली निघालेला नाही. मी उठलो, एवढे निश्चित.

"उपरोक्त प्रकरणी, महोदया, यथायोग्य आदरपूर्वक निवेदन करू इच्छितो की, सदर परिस्थितीचा पूर्वेतिहास..."

"एका वाक्यात."

एक वाक्य! माझ्याजवळ तसे तयार वाक्य नव्हते. मी फाइल उघडली, मिटली.

"मी पाजले, अम्मा."

"काय?"

पत्नीने पिशवीतून बाटली आणि पोलिसांच्या चिठ्ठीची झेरॉक्स काढून वर धरली. शिपायाने दोन्ही पुढे नेल्या. मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बाटलीवरच्या चिठ्ठीच्या तळाशी असलेली मुंगीएवढी इंग्रजी ओळ मोठ्याने वाचली. औषधात आंबवण्याच्या क्रियेने आपोआप तयार झालेला मद्यांश आहे, अशा अर्थाची ती ओळ होती.

"तुमचा व्यवसाय काय?"

"अर्जनवीस. याच न्यायालयाबाहेर. सव्वीस वर्षे."

"सव्वीस वर्षे कागद वाचता. हे वाचले नाही?"

"त्याचे असे आहे की, अक्षराचा आकार..."

"एका वाक्यात."

"नाही, अम्मा."

मग त्यांनी झेरॉक्सवरचे माझ्या पत्नीच्या पेन्सिलीचे आकडे पाहिले, आणि मुलीचा फोन व चिठ्ठी यांत सहाच मिनिटे आहेत, हे त्यांना दिसले. सब-इन्स्पेक्टर समोरच उभा होता. थोडे थांबून पुन्हा तपासले होते का, असे त्यांनी त्याला विचारले. तो म्हणाला, नाही. यंत्र बरोबर आहे का? आहे. तेव्हा मॅजिस्ट्रेटबाईंनी आज्ञा केली की या गृहस्थांना तेवढेच औषध, तशाच पद्धतीने, बाहेर देण्यात यावे. सहा मिनिटांनी यंत्रात फुंकवावे, पाव तासाने पुन्हा फुंकवावे, आणि जेवणाच्या सुट्टीपूर्वी लेखी कळवावे. माझी प्रतिष्ठा लक्षात घेता अन्य कोणास पाजावे, असे मी सुचवणार होतो. परंतु ते एका वाक्यात बसत नव्हते.

ओसरीत गर्दी असल्यामुळे सब-इन्स्पेक्टरने कुंपणाबाहेर सावली शोधली, आणि करंजाच्या झाडाखाली, माझ्याच टेबलाशी, माझ्याच खुर्चीवर मला बसवले. पत्नीने घरचाच टंबलर आणला होता. तिने तो अर्धा भरला, एक थेंबही कमी न करता. मी निम्मे प्यालो व उरलेले तोंडात धरले.

शेजारच्या टेबलावरील अर्जनवीस, जो संगणक घेतल्यापासून मला जुने सामान समजतो, मान वाकडी करून पाहू लागला. "काय अण्णा, सकाळपासूनच?"

मला उत्तर देता येत नव्हते. गाल फुगवून मी केवळ त्याच्याकडे पाहिले.

"वहिनी, यांना राग आला की दाढ दुखते?"

"अर्ज तोंडांत धरला आहे," पत्नी म्हणाली. "नऊ पानांचा."

इतक्यात रेशनकार्डाचे काम घेऊन एक म्हातारी आली आणि समोर बसून आपली हकिगत सांगू लागली. मी मान हलवत राहिलो. जाताना ती तरुणाला म्हणाली की इतक्या शांतपणे ऐकून घेणारा माणूस आजकाल मिळत नाही. उद्या पुन्हा येते, असेही तिने सांगितले.

सहाव्या मिनिटाला गिळले व फुंकले. यंत्र किंचाळले. सब-इन्स्पेक्टरने आकडा पाहिला आणि माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिले. "सार, तुम्ही तम्बीच्याही पुढे आहात."

संगणकवाल्याने टाळ्या वाजवल्या. दोन वकील, चहावाला आणि माझे तीन जुने पक्षकार जमले होते. पक्षकारांपैकी एकाने आपला कागद हळूच माझ्या टेबलावरून उचलून शेजारच्या टेबलावर नेला. तेही मी पाहिले. सव्वीस वर्षांत मी असा कधी बसलो नव्हतो. माझ्यासमोर नेहमी दुसरे कोणी असे बसे.

पाव तास मोठा असतो. तरुण माझ्या बाजूला उभा होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता. त्या यंत्राकडे पाहत होता, ओठ आवळून, जसे लोक मी टाइप करीत असताना टाइपरायटरकडे पाहतात. आतून काय निघेल, ते त्यांच्या हातात नसते. माझी नऊ पाने त्याने कधीच सोडून दिली होती. आता सगळे माझ्या श्वासावर होते, आणि श्वासाला विशेषणे लावता येत नाहीत.

"आता," पत्नी म्हणाली. घड्याळ तिच्याच हातात होते.

मी फुंकले. यंत्र गप्प राहिले.

सब-इन्स्पेक्टरने ते हलवले. स्वतः फुंकून पाहिले. पुन्हा मला फुंकायला लावले. शून्य. तो म्हणाला, "सरी," म्हणजे ठीक आहे, आणि माझ्याच टेबलावरचा कागद घेऊन अहवाल लिहू लागला. मी त्यास दोन शब्द सुचवले. त्याने ते घेतले नाहीत.

सुट्टीपूर्वी निकाल झाला. तरुण दोषमुक्त, लायसन्स परत करावे. सब-इन्स्पेक्टरला सांगण्यात आले की यंत्राने पकडला तो केवळ तोंडात रेंगाळलेला औषधाचा अंश होता; यापुढे माणसाला चूळ भरू द्यावी, थोडा वेळ द्यावा, मग फुंकवावे. आणि मला सांगण्यात आले, "औषध टोपणाने, अर्ज एका पानात."

लायसन्स देणाऱ्या कारकुनाला अर्थातच एक अर्ज हवा होता. मी टेबलाशी बसलो, मेणकापड काढले, कागद चढवला. माझ्या बोटांना सवयीने पुढे धावायचे होते. मी त्यांना आवरले. तीन ओळी झाल्या. खटला अमुक, निकाल अमुक, लायसन्स परत मिळावे. त्याखाली साक्षीदार म्हणून मी माझे संपूर्ण नाव टाइप केले. ही अक्षरे या क्रमाने त्या टाइपरायटरने यापूर्वी कधी उमटवली नव्हती. एक अक्षर फिके आले, ते मी पुन्हा ठोकले.

तरुणाने कागद वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला.

"काका, यात आई नाही."

"तिची प्रकृती सुधारली," मी म्हणालो.

तो आत गेला आणि लायसन्स घेऊन बाहेर आला. पत्नीने भाजीच्या पिशवीतून दुसरा डबा काढला, चार पुडांचा, ताजा. तो घेऊन दोघे माझ्या स्कूटरवरून अड्यारकडे निघाली. निघताना त्याने आपण होऊन तोंड उघडून मला दाखवले. रिकामे होते.